गच्चीवरचे ४७ अंश
हवामान खात्याचं तापमान ४४ अंश आणि आपल्या गच्चीवरच्या तापमापकाचं ४७, म्हणजे खातं खरा आकडा दाबतं, असं इथे एकाने लिहिलंय. मला हे पटत नाही. खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो, तो सावलीतली हवा मोजतो. आपला मोजतो तापलेला स्लॅब. अकोल्यात मी दोन्ही लावून पाहिले: एक गच्चीच्या कठड्याला, एक परसात तशाच पेटीत. दुपारी ३ वाजता ४ अंशांचा फरक, आणि कठड्याचा पारा रात्री ९ लाही चाळिशीच्या खाली यायला तयार नाही!

यंत्रंही चुकतात, हे मात्र खरं. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तपासणीत तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. आणि कृपा करून रोजचं किमान तापमानही लिहा. रात्र निवली नाही, तर म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात.