आईचं मेथोट्रेक्सेट चालू आहे, सोबत गुळवेलीचा काढा चालतो का?

साताऱ्याची_लेक:
आईला (५८) दोन वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. सूज उतरलीय पण सकाळी बोटं इतकी आखडतात की तासभर चहाचा कप धरता येत नाही. मामींनी ओळखीतून गुळवेलीचा काढा आणि महायोगराज गुग्गुळ आणून दिलं, तीन महिने घेतेय आणि खरंच तिला बरं वाटतंय. पण परवा एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ११२ आली, आधी ३४ होती. डॉक्टरांना काढ्याचं सांगितलेलं नाही, कारण मागे आयुर्वेदाचं नुसतं नाव काढलं तर सगळ्यांसमोर आईला बोलले, ती रडत घरी आली. पुढची तारीख १२ दिवसांनी आहे. काय बंद करू?

कराडचा_मेडिकलवाला:
ताई १२ दिवस थांबू नका, आजच फोन करा. काढा आणि गुग्गुळ लगेच बंद. रविवारची गोळी घ्यायची की नाही हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. मेथोट्रेक्सेटने लिव्हर बिघडू शकतं, म्हणूनच तर ते सारखं रक्त तपासायला लावतात, आता काढ्याचं माहीतच नसेल तर ते सगळा दोष गोळीला देतील आणि लागू पडलेलं औषध सुटेल. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा उलट्या झाल्या तर सरळ हॉस्पिटल गाठा.

वैद्य_मिरज:
मी बीएएमएस, १९ वर्षं प्रॅक्टिस करतेय, मला हे वाचून वाईट वाटलं. योगराज वेगळं आणि महायोगराज वेगळं. महायोगराजमध्ये नागभस्म म्हणजे शिसं आणि रससिंदूर म्हणजे पारा असतो, ते कुणी ओळखीतून आणून द्यायचं औषध नाही. गुळवेलीचं म्हणाल तर २०२० मध्ये कोविडच्या काळात मुंबईत ती घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं डॉक्टरांनी छापलं होतं, आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. माझं मत विचाराल तर ऱ्हुमॅटॉइडमध्ये प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते, गुळवेलीसारखं तिला चेतवणारं काही आपल्या मनाने घेऊच नये. आखडलेपणाला वाळूची पुरचुंडी कोरडी गरम करून शेका, सोसेल इतकीच. आमवातात (आयुर्वेदात ऱ्हुमॅटॉइडशी जुळणारा आजार) सूज असताना आम्ही तेल चोळत नाही, घरोघरी नेमकं तेच करतात.

सांधे_आणि_मी:
मला ११ वर्षं झाली. मी पण लपवायचे. माझं दशमूलारिष्ट चालू होतं, त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं हे बाटलीवर लिहिलेलं होतं पण मी वाचलंच नव्हतं, आणि मेथोट्रेक्सेटवर दारू नको हे मला पहिल्या दिवशी सांगितलेलं! आता प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो फाइलमध्ये लावते. ओरडणाऱ्या डॉक्टरांसमोर आईंना एकटं बसवू नका, तुम्ही बोला. आणि तरी ओरडले तर दुसरे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) बघा, खरंच. मला फिजिओने शिकवलेला कोमट पाण्यातला बोटांचा व्यायाम आणि सकाळची योगासनं, दोन्ही डॉक्टरांना विचारून चालू आहेत.

साताऱ्याची_लेक:
फोन केला. या रविवारची गोळी वगळायला सांगितलीय, सोमवारी परत लिव्हरच्या टेस्ट आणि दोन्ही बाटल्या घेऊन या म्हणाले. ओरडले नाहीत, किती दिवस आणि किती घेतलं एवढंच विचारलं. काढ्याच्या बाटलीवर लेबलच नाहीये, कुणी बनवला ते मामींनाही सांगता येईना. आई गप्प बसून होती, आता वाळू चाळतेय.