हंपी-बदामीला एकच झूम लेन्स न्यायचीये, कोणती घेऊ?

रंकाळ्याचाभटक्या: मंडळी, डिसेंबरात हंपी, बदामी, पट्टदकल करतोय, बरोबर बायको, आई आणि सहा वर्षांचं कार्टं. कॅमेरा निकॉन डी५६००, किटमधल्या (कॅमेऱ्यासोबत आलेल्या) दोन एएफ-पी लेन्स आहेत, १८-५५ आणि ७०-३०० एमएम (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं). मागच्या ट्रिपला मी लेन्स बदलेपर्यंत माकड पसार आणि बायको पुढच्या देवळात, वर सेन्सरवर धूळ बसली ती वेगळीच. आता एकच लावून फिरायचंय. टॅमरॉनची १८-४०० मनात आहे, सगळंच येतं ना त्यात. हलकी मात्र पाहिजे, मान दुखते.

खटॅकखटॅक: अरे १८-४०० सातशे ग्रॅमच्या वर भरते! तुझ्या दोन्ही लेन्स मिळून ६२० होतात (२०५ आणि ४१५), म्हणजे ओझं कमी करायला जाऊन वाढवून घेणार. निकॉनचीच १८-१४० बघ, ४९० ग्रॅम. नवीन घेऊ नकोस, सेकंडहँड बऱ्याच निघतात, फक्त मागून टॉर्च मारून आत बुरशी नाही ना ते बघ, कोकणात वापरलेली असली तर नक्कीच.

जुनाखेळाडू: माझ्याकडे एक १८-३०० होती. गळ्यात अडकवून चाललं की नळी आपोआप खाली घसरायची, लॉकचं बटण होतं पण लावायचं लक्षात राहील तर शपथ. शेवटी विकली. आधी जुने फोटो उघड आणि कुठल्या फोकल लेंथला (म्हणजे किती एमएमवर) काढलेत ते बघ, प्रत्येक फोटोच्या माहितीत असतं.

सावलीतला: बदामीच्या लेण्यांत आतल्या बाजूला उजेड कमी, तिथे एफ५.६ (लेन्सचं छिद्र लहान, उजेड कमी येतो) म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) चढणारच, फोटो खरबरीत. व्हीआर (लेन्समधली हादरे सावरणारी सोय) तुझा हात सांभाळेल पण पोरगं हललं की फोटो गेला. खिशात ३५ एमएम एफ१.८ (झूम नसलेली, जास्त उजेड घेणारी लेन्स) ठेव, २०० ग्रॅमची आहे, लेण्यात शिरताना एकदाच लावायची. एएफ-एसवालीच (लेन्समध्येच फोकस मोटर असलेली) घे हां, डी५६००मध्ये फोकस मोटर नाही, जुनी एएफ-डी (बिनमोटरची) स्वस्तात मिळाली तरी हाताने फोकस करत बसशील.

रंकाळ्याचाभटक्या: जुने फोटो चाळले. १४०च्या पुढचे मोजून अकरा निघाले आणि त्यातले नऊ माकडांचे 😄 १८-१४० बघायला रविवारी जातोय, टॉर्च घेऊन. ३५चं बायकोला अजून सांगितलेलं नाही.