डायबेटिक फूटचा (मधुमेहामुळे पायाला जखम झालेला) पेशंट घरी सोडताना उपकेंद्राला नेमकं काय कळवायचं?

वॉर्डसिस्टर: डिब्राइडमेंट (जखमेतला मेलेला भाग काढणं) झालेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रोज ड्रेसिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातले काही पंधरवड्यात पू घेऊन परत येतात. गावातल्या उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा एएनएमसाठी (परिचारिकेसाठी) कार्डावर आणखी काय हवं?

उपकेंद्र_सीएचओ: कुठला पाय, तळवा की बोटांची बेचकी, लांबी-रुंदी-खोली सेंमीमध्ये, तळाशी लाल मांस आहे की पिवळा स्लफ (मेलेला थर), प्रोब (जखमेत घालायची बोथट सळई) हाडाला लागतो का, अँटिबायोटिक कुठल्या तारखेला संपतं. आणि पोकळीत गॉजचे किती तुकडे भरलेत! हे कुणीच लिहीत नाही. दोन भरले आणि एकच निघाला की दुसरा आत राहतो. वरून तोंड मिटतं, आत पू साठतो. एकच लांब पट्टी भरा, टोक बाहेर ठेवा. सोडायच्या दिवशी जखमेशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा, पण पेशंटच्याच फोनवर. वॉर्डाच्या फोनमधला फोटो गावात पोचत नाही.

ड्रेसिंगरूम: सामानाचंही बघा. सिल्व्हर फोम (चांदीयुक्त तयार ड्रेसिंग) लिहून दिलात आणि तिथे फक्त सलाइन, गॉज, बीटाडीन असेल, तर बीटाडीनच लागणार. भरत आलेल्या लाल जखमेवर रोज बीटाडीन नको, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच. नव्या पेशी मरतात. म्हणून घरी सोडायच्या दोन दिवस आधीच वॉर्डात साध्या ड्रेसिंगवर आणा: सलाइनने धुणं, पॅराफिन गॉज (न चिकटणारी तेलकट जाळी), वर कोरडा गॉज, गामजी (कापसाचा जाड पॅड), सैलसर रोलर पट्टी. थेट कोरडा गॉज ठेवला तर तो चिकटतो आणि काढताना नवं मांस सोलून येतं. पहिल्या तीन ड्रेसिंगचं सामान सोबत द्या. सलाइन १०० मिलीच्या बाटल्यांत द्या. ५०० मिलीची उघडलेली बाटली घरी आठवडाभर पुरवली जाते. शनिवारी सोडू नका, पहिलं ड्रेसिंग रविवारी अडकतं.

वॉर्डसिस्टर: एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल लिहून देतो, ती पुरेल ना?

फूटक्लिनिक: नाही. एमसीआर मुख्यतः जखम भरल्यावर, ती पुन्हा होऊ नये म्हणून. तळव्याला उघडी जखम असेल तर तिच्यावरचा भार काढावा लागतो: कास्ट, तो शक्य नसेल तर जखमेची जागा मोकळी सोडून फेल्ट (जाड नमद्याचा) पॅड. पेशंट शेतात चालत राहिला तर ड्रेसिंग कितीही नीट केलं तरी वाया.

परत कधी पाठवायचं तेही कार्डावरच लिहा. पायाला बहुतेकदा संवेदना नसते, त्यामुळे ‘दुखत नाही’ यावर जाऊ नका. भोवतीची लाली २ सेंमीपलीकडे गेली, घाण वास, ताप, साखर एकाएकी चढली, बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी. यातलं काही नसलं तरी ४ आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही तर पाठवायचंच. रक्तपुरवठा किंवा हाड तपासावं लागतं.

उपकेंद्र_सीएचओ: आणि खाली वॉर्डाचा फोन, सर्जिकल ओपीडीचा वार. पेशंट सोडायच्या आदल्या दिवशी आम्हाला एक फोन केलात तर आशाताई पेशंटच्या घरी जाऊन निरोप देतात. नुसतं कार्ड बहुतेकदा पिशवीतच राहतं.