साखळीची धार: हातची कानस की ग्राइंडर?

कानसवाला

चेनसॉची (लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीची) साखळी पार बोथट होईपर्यंत ओढायची, मग काढून ग्राइंडरला, म्हणजे धार लावायच्या फिरत्या चाकाला लावायची, आणि ती लवकर संपली की बनवणाऱ्याला बोल लावायचे, असं सर्रास चालतं. माझं मत सरळ आहे: रोजची धार हातानेच लावावी, गोल कानशीने, साखळी पट्टीवर, म्हणजे ती जिच्याभोवती फिरते त्या लांब पात्यावर असतानाच. ग्राइंडर हा बिघडलेल्या साखळीवरचा इलाज आहे, नेहमीचा रिवाज नव्हे.

दर टाकीभर पेट्रोल संपलं की मी इंजिन बंद करतो, ब्रेक लावतो, आणि प्रत्येक दातावर दोन-तीन हात मारतो. तेवढ्यात कड परत येते आणि धातू जातो तो नावापुरता. ग्राइंडरवर बहुतेक जण सगळ्यात खराब दात धरतात आणि बाकीचे त्याच्या मापाला आणतात. २० इंची पट्टीला बसणाऱ्या ३/८ इंच पिचच्या (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा) साखळीत साधारण ३६ दात असतात, १८ डावे आणि १८ उजवे. एक दात दगडाला लागला म्हणून उरलेले ३५ झिजवायचे, हे मला पटत नाही.

शिकायला अवघड म्हणावं तर तसंही नाही. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. ओढताना घासली तर कानशीचेच दात जातात. तिच्या व्यासाचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे, आणि कोन दातावर कोरलेल्या रेषेला समांतर हवा, बहुतेक साखळ्यांना ३० किंवा २५ अंश. माप मात्र चुकवू नका: लहान सॉच्या लो-प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) ३/८ ला सहसा ४ मिमी, ०.३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला बनावटीप्रमाणे ५.२ किंवा ५.५. चुकीच्या मापाच्या कानशीने कितीही घासलं तरी कड उभी राहत नाही.

फिरतंचाक

कानसवाला, तुम्ही लिहिलेली रीत बरोबर आहे, निष्कर्ष बरोबर नाही. माझ्याकडे एका वेळी पंधरा-वीस साखळ्या धारेला येतात, आणि हाताने घासलेल्या साखळ्यांत मला एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो: एका बाजूचे दात लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड, कोन एकीकडे ३० आणि दुसरीकडे २२. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू सोपी जाते, दुसरी अडचणीची. रोज थोडं चुकतं आणि महिन्याभरात काप वाकडा जायला लागतो.

या साखळीची सगळी गंमत डाव्या-उजव्या तोलात आहे. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चालत होते. त्यावरून त्याने इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला दात केला, आणि १९४७ पासून साखळ्या बनवायला लागला. आजचा दात त्याच वळणाचा आहे. मग जो तोल तिचा जीव आहे, तो थकलेल्या हाताच्या भरवशावर का सोडायचा? ग्राइंडरवर कोन आणि लांबी एकदा बांधली की अठराच्या अठरा दात सारखे निघतात.

आणि खराब दात धरून बाकीचे कापायचे, हा ठरवणाऱ्या माणसाचा दोष आहे. चाक काही ते ठरवत नाही.

पोलादी

चाकाच्या बाजूने एवढं बोलताना उष्णतेचा विषय राहून गेला. माझ्या मते खरा वाद तिथेच आहे.

दाताची कड कागदासारखी पातळ असते. चाक तिथे क्षणभर जास्त टेकलं की ती निळी पडते. निळा रंग दिसला म्हणजे पोलादाचं पाणी उतरायला लागलं, कड मऊ झाली, आणि ती धार पहिल्या दोन-चार कापांत जाते. त्याहून जास्त तापली तर उलटंच होतं. मागचा थंड धातू ती उष्णता झटकन ओढून घेतो आणि वरचं कातडं काचेसारखं कडक, ठिसूळ होतं. अशा दातावर नंतर कानस लावून बघा, नुसती घसरते. कितीतरी लोक म्हणतात की कानस वाईट निघाली. कानस चांगलीच असते, आधीच्या धारेत दात जळलेला असतो.

फिरतंचाक

मान्य, जळलेले दात मीही पाहिलेत. पण ते टाळता येतं. टेकव-उचल, टेकव-उचल असं हलकं काम करायचं, एकदाच दाबून धरायचं नाही. साधं चाक चकचकीत झालं, त्याचे बारीक छिद्र भरले, की ते कापत नाही, नुसतं घासून तापवतं. म्हणून दगडाने त्याचं तोंड वरचेवर मोकळं करायचं आणि गोलाई राखायची. सीबीएनचं (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिकडक पदार्थाचं) चाक घेतलं तर तापणं बरंच कमी होतं आणि तोंडाचा आकारही बदलत नाही.

आता उलट प्रश्न. जमिनीत गेलेल्या साखळीचं हाताने काय करता? दाताच्या माथ्यावर आणि बाजूला क्रोमचा पातळ थर असतो, खरी धार त्याच थराच्या काठावर असते. कोपऱ्यावरचा क्रोम उडाला असेल तर तो भाग पूर्ण जाईपर्यंत मागे यावं लागतं. ३६ दातांवर पंधरा-पंधरा हात मारून बघा, शेवटच्या दहा दातांवरचा कोन कसा येतो ते. आणि कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कितीतरी कडक टोकाच्या दाताला तर तुमची कानस चालतच नाही, तिथे हिऱ्याचंच चाक लागतं.

नवखा

मी दोन महिन्यांपासून सॉ वापरतोय. तीनदा कानस मारली. बोट लावलं तर दात धारदार वाटतात, पण लाकडातून बारीक भुसाच पडतो आणि सॉ दाबावा लागतो. म्हणजे माझी कानस चुकतेय का? ग्राइंडरवर द्यावी?

आडवंखोड

नवखा, थांबा, देऊ नका. वर दोघं इतका वेळ भांडतायत आणि रेकरचं नाव कुणी काढलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रत्येक दाताच्या पुढे जो खुंट असतो तो रेकर. दात किती खोल जाईल हे तो ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे कानस मारता मारता दात मागे सरतो तसा बुटकाही होतो. खुंट मात्र तेवढाच राहतो. तीन-चार धारांनंतर खुंटच लाकडावर घसरतो आणि दात वरच्या वर खरवडतो. तुमचा भुसा त्यामुळेच. गेज पट्टी (खुंटाची उंची मोजायचं छोटं माप) ठेवा, चपट्या कानशीने खुंट उतरवा. बहुतेक साखळ्यांना दात आणि खुंटातलं अंतर ०.६५ मिमीच्या आसपास लागतं, तुमच्या साखळीचं नेमकं माप तिच्या कागदावर असेल. खुंटाचा पुढचा कोपरा परत गोल करा.

अंदाजाने जास्त उतरवू नका, ही कळकळीची विनंती. खुंट फार खाली गेला की दात लाकडात अडकतो आणि पट्टी उसळून तोंडावर येते. एका सहकाऱ्याचं हेल्मेट त्या फटक्याने चिरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. साखळी ग्राइंडरवरून आली तरी खुंट स्वतः मोजा. पुष्कळ ठिकाणी दात घासून देतात आणि खुंटाला हातच लावत नाहीत.

कानसवाला

आडवंखोड यांचं बोलणं मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. चूक माझी.

फिरतंचाक, कार्बाइड आणि दगडावर आपटलेली साखळी हे दोन्ही तुम्हाला दिलं. अशी साखळी मीही चाकावरच नेतो. पण सगळे दात एकाच लांबीचे हवेत, हे मला तुम्ही म्हणता तेवढं महत्त्वाचं वाटत नाही. प्रत्येक दात आपल्या समोरच्या खुंटाच्या हिशोबाने कापतो. एक दात मिलिमीटरभर आखूड असला पण त्याचा खुंट त्याच्या मापाने उतरवलेला असला, तर तो आपल्या वाट्याची ढलपी काढतोच. मी एकट्या आखूड दातासाठी बाकीचे कधीच कापत नाही आणि माझा काप सरळ जातो.

फिरतंचाक

एखाद्या दाताबद्दल मान्य. पण आखूड दात बुटका असतो तसा त्याचा माथा आतही सरकलेला असतो, म्हणजे तो काप कमी रुंद करतो. असे सगळे एकाच बाजूला आले तर खुंट कितीही जुळवा, काप वाकणारच. हात मोजून दोन्ही बाजूंना सारखे मारणारे लोक मला फार थोडे भेटले. तुम्ही त्यातले असाल.

नवखा

आज खुंट मोजले. बहुतेक दातांना ०.३ च्या आसपासच होते. गेज लावून उतरवले, आता चांगल्या ढलप्या पडतात आणि दाबावं लागत नाही. पण जाड ओंडक्यात काप डावीकडे वळतोय. आधी वळत होता की नाही, लक्षात नाही.

आडवंखोड

डावे दात उजव्यांपेक्षा लांब किंवा जास्त धारदार असणार, साखळी धारेकडे ओढते. कॅलिपरने दोन्हीकडचे चार-चार दात मोजा. फरक आला तर उजव्या बाजूला कोन तपासून धार करा आणि डावे त्या मापाला आणा. फरक आला नाही तर पट्टी काढून तिच्या दोन्ही कडा सपाट जागेवर बघा, एक कड झिजलेली असेल तरी असंच होतं. मग कानस आणि चाक दोन्हींचा त्यात काही संबंध नाही.