टीएसएच वाढलेला, पण टी-४ मर्यादेत: याचा अर्थ काय?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आईच्या थायरॉइड तपासणीत टीएसएच ८.२ आला असून फ्री टी-४ (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) मात्र मर्यादेत आहे. तिला थकवा आणि बद्धकोष्ठता आहे. ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करत असेल, तर हा आकडा का वाढावा?

उत्तर (वाशी):
टीएसएच हे थायरॉइडचे नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे. थायरॉइड मंदावू लागली, की पियुषिका टीएसएच वाढवून तिच्याकडून अधिक काम करून घेते, आणि म्हणूनच टी-४ काही काळ मर्यादेत राहतो. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, सोबत अँटी-टीपीओही (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण) पाहावे. ते वाढलेले असल्यास हाशिमोटो या स्वयंप्रतिकार विकाराची शक्यता बळावते. थकवा हिमोग्लोबिन कमी असल्यानेही येतो, तेव्हा तेही कृपया तपासून घ्या.

उत्तर (कोपरखैरणे):
डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केलीच, तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर द्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहासुद्धा देऊ नये.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आई सकाळीच कॅल्शियमची गोळी घेते, ते चालेल का?

उत्तर (कोपरखैरणे):
नाही, कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवतात. ४ तासांचे अंतर ठेवावे.