कचेरीतील इंग्रजी आणि रणांगणावरचे शब्द

प्रश्न : दादरकर
फोर्टमधील आमच्या विमा कचेरीच्या गृहपत्रिकेचे संपादन माझ्याकडे आहे. तिचा इंग्रजी विभाग वाचून एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की टार्गेट, कॅम्पेन, स्ट्रॅटेजी, डेडलाइन, फ्रीलान्सर हे शब्द पाहता आपण पॉलिसी विकतो की किल्ले सर करतो, हेच कळेनासे होते. हे शब्द खरोखरच लष्करातून आले आहेत काय, आणि तसे असल्यास ते गाळावेत काय?

प्रतिसाद : शिवडीचा वाचक
आले आहेत, पण सगळे एकाच वाटेने नव्हे. स्ट्रॅटेजीच्या मुळाशी ग्रीक सेनापती आहे, तर कॅम्पेनच्या मुळाशी सैन्य ज्यात उतरते ते मोकळे मैदान. टार्गेट ही आधी लहान गोल ढाल होती. नेमबाजीचे लक्ष्य हा अर्थ नंतरचा. सर्वांत भीषण इतिहास डेडलाइनचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांच्या तुरुंगात तटाच्या आत एक हद्द आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तोच शब्द वेळेच्या मर्यादेसाठी रुळला. फ्रीलान्सर म्हणजे भाडोत्री भालाईत. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. त्या हिशेबाने आपल्या पत्रिकेचे बाहेरचे लेखक शिलेदार ठरतात आणि आपण पगारदार मंडळी बारगीर.

प्रतिसाद : गिरणगावकर
मराठी पर्याय घालून सुटका होईल, असे आपल्या सहकाऱ्यांना वाटत असेल तर तेही कठीणच आहे. कॅम्पेनला आपण मोहीम म्हणणार. आझाद मैदानावर जाणारा मोर्चा हा मूळचा वेढ्यातील मोर्चा आहे, आणि निवडणुकीतील आघाडी ही फौजेचीच आघाडी. शिवाय लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे तर प्रत्येक कचेरीत असतात, गृहपत्रिकेच्या संपादकांसह!

प्रतिसाद : परळची वाचक
व्युत्पत्ती मान्य आहे. मात्र शब्द कोठून आला यापेक्षा तो वाचताना युद्ध डोळ्यांपुढे उभे राहते की नाही, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. डेडलाइन वाचून कोणालाही बंदूक दिसत नाही, तेव्हा ती खुशाल राहू द्यावी. कर्करोगाशी झुंज, रोगापुढे पराभव ही भाषा मात्र अजून जिवंत आहे. स्वतः कर्करोगातून गेलेल्या अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्येच तिच्यावर आक्षेप घेतला होता, कारण अशा भाषेचा भार अखेर रुग्णावरच पडतो. जो बरा होत नाही, तो लढण्यात कमी पडला असे त्यातून सुचवले जाते. विमा कचेरीच्या पत्रिकेत आजारपणाविषयी आणि दाव्यांविषयी मजकूर नेहमीच येत असणार. कात्री चालवायचीच असेल तर तेथे चालवावी, आणि श्रद्धांजलीच्या चौकटीत 'कर्करोगाने निधन झाले' एवढेच छापावे.