‘वर्दी’ म्हणजे निरोप की खाकी? एका नागपुरी पोलीसकथेतला अडलेला शब्द

चर्चा सुरू करणारा

नमस्कार मंडळी. नागपुरात घडणारी एक पोलीसकथा लिहितोय. कन्हान नदीच्या रेतीघाटावरून दोन टोळ्या भिडतात, तिसरा वाटेकरी ठाण्यातच बसलेला असतो आणि एक हवालदार हे सगळं गुपचूप टिपून ठेवतो. पहिल्याच प्रकरणात वाक्य आहे: ‘रात्री दोनला वर्दी आली.’

माझं लहानपण साताऱ्याकडचं, त्यामुळे लिहिताना काही खटकलं नाही. वर्दी आली म्हणजे कुणीतरी येऊन किंवा फोन करून घटना कळवली. आग लागली की अग्निशमन दलाला वर्दी जाते, तसंच. नागपूरच्या इतवारीत वाढलेल्या एका मैत्रिणीला पानं वाचायला दिली, तर तिनं समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘कोण आलं? किती जण?’ तिच्या डोळ्यांपुढे रात्री दोनला खाकी कपड्यातली माणसं गाडीतून उतरली होती!

हे एकच वाक्य असतं तर बदलून टाकलं असतं. पण कथेचा सगळा भार मी याच शब्दावर टाकलाय. टिप्परखाली मुलगा गेलेली एक म्हातारी ठाण्यात येते. अंमलदार तिला पहाटेपर्यंत बाकावर बसवून ठेवतो आणि कागदावर एक अक्षर उमटत नाही. तिथे लिहिलंय: ‘वर्दीनं वर्दी घेतली नाही.’ गणवेशानं खबर नोंदवली नाही, असा अर्थ. नागपूरच्या वाचकाला हे कळेल का? आणि मराठीत वर्दीचा खरा अर्थ कोणता धरायचा?

पुण्याहून

‘वर्दी देणे’ म्हणजे कळवणे, हाच मराठीतला रुळलेला अर्थ. गणवेश हा अर्थ हिंदी सिनेमानं आमच्याकडे आणला, आता तोही सर्रास चालतो. पुण्यात आणखी एक वर्दी आहे. रिक्षावाले शाळेच्या मुलांची ने-आण करतात, तिला ‘शाळेची वर्दी’ म्हणतात. ‘सकाळी वर्दी असते, साडेआठनंतर बोला,’ असं उत्तर मी कितीदा ऐकलंय. तुमचं दुहेरी वाक्य मला लगेच कळलं आणि फार आवडलं. बदलू नका.

पाचपावलीतून

भाऊ, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. आमच्या नागपुरात ‘वर्दी आली’ म्हटलं की खाकी घातलेला माणूसच दिसते जी. कळवणं असंल तर आम्ही ‘खबर दिली’ म्हणतो, नाहीतर ‘रिपोर्ट दिली’. रिपोर्ट इथं बाईमाणूस आहे, हे ध्यानात ठेवा. ‘रिपोर्ट दिला’ लिहाल तर म्हातारी इथली वाटणार नाही. अन् ते ‘वर्दीनं वर्दी घेतली नाही’ वाचून मले वाटलं, पोलिसानं कपडेच घातले नाही!

निवृत्त कोर्ट लिपिक, नागपूर

नोकरीची सारी वर्षे पोलिसांचे कागद हाताळण्यात गेली, म्हणून थोडे लिहितो. हिंदी सिनेमाच्या फार आधीपासून इथल्या कचेरीची भाषा निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडची. दफ्तरात हिंदी आणि मराठी शेजारी नांदत होत्या. राज्य बदलले तरी ठाण्यातले मुन्शी आणि त्यांचे शब्द एका रात्रीत कसे बदलणार?

त्याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे ‘मर्ग’. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची पहिली नोंद पुण्या-साताऱ्याकडे ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून होते. विदर्भातल्या बातमीत आजही ‘पोलिसांनी मर्ग दाखल केला’ असेच असते, आणि मध्य प्रदेशातही मर्गच चालतो. फारसीत मर्ग म्हणजे मरण. तुमच्या म्हातारीच्या मुलाचा अपघाती गुन्हा न नोंदवता नुसता मर्ग दाखल करून फाइल बाजूला ठेवली, असे दाखवलेत तर इथला वाचक न सांगता समजेल की ठाण्यात काहीतरी शिजले आहे. तसेच कथेत ‘वरिष्ठ पोलीस निरीक्षक’ असे लिहिले असेल तर संवादात ते ‘ठाणेदार’ करा. इथे ठाण्याच्या प्रमुखाला लोक आणि वर्तमानपत्रे ठाणेदारच म्हणतात.

चर्चा सुरू करणारा

साहेब, मर्गची ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतो.

तुमच्यामुळे बाकीचे शब्दही तपासले. ‘वाळू’ची ‘रेती’ आधीच केली होती, डंपरचा टिप्परही. पण ‘कट्टा’ निसटला होता. माझा एक पंटर ‘कट्टा काढतो’. नागपुरात त्याचा अर्थ स्वच्छ आहे, देशी कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल. आणि त्याच्या पुढच्याच पानावर मीच लिहिलंय, ‘पोरं कट्ट्यावर बसली होती.’ म्हणजे गप्पांचा पार. दुसरा कट्टा काढून तिथे ‘चौकात’ केलं.

‘हप्ता’ मात्र मी मुद्दाम ठेवलाय. इथली जुनी माणसं आठवड्यालाही हप्ता म्हणतात, मूळ फारसी अर्थ तोच, सात दिवसांचा. पानठेलेवाला म्हणतो, ‘या हप्त्यात नाही जमत, पुढच्या हप्त्यात देतो.’ समोर वसुलीला आलेला पोरगा हसतो, कारण त्याच्यासाठी दोन्ही हप्ते एकच आहेत. इथे दोन्ही अर्थ नागपूरच्या माणसाच्या तोंडी आहेत, म्हणून वाक्य उभं राहतं. वर्दीचं तसं होत नाही, हे आता पटायला लागलंय.

जुना क्राइम रिपोर्टर

उशिरा येतोय. तुमच्या कथेत तडीपारी आणि चकमक असणारच, म्हणून आधी त्यावर.

पोलिसांच्या आदेशात शब्द असतो ‘हद्दपार’. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५, ५६ आणि ५७ खाली तो निघतो, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. लोक म्हणतात ‘तडीपार’, आणि मला हा शब्द फार जवळचा वाटतो. तड म्हणजे काठ. काम ‘तडीस नेणे’ मधली तड तीच. नाव काठाला लागली की काम झालं. गुंडाला काठापलीकडे सोडला की वस्ती सुटली. निदान कागदावर. रात्री तो भावाकडे जेवायला परत येतो आणि गल्लीतल्या सगळ्यांना ते माहीत असतं. ‘तडीपार असून घरीच सापडला’ ही बातमी मी इतक्या वेळा लिहिली की हात आपोआप चालायचा.

‘चकमक’ जपून वापरा. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडतात ती चकमक, तिथे दोन्ही वस्तू एकमेकींवर घासाव्या लागतात. गोळी दोन्ही बाजूंनी चालली असेल तरच चकमक लिहावं, असं माझं ठाम मत आहे. गडचिरोलीच्या जंगलातून बातमी यायची तेव्हा हा शब्द बहुतेक वेळा शोभायचा. शहरात हात बांधलेल्या माणसाला गोळी घातल्याचा संशय असेल, तर आपण ‘चकमक’ लिहिणं म्हणजे पोलिसांची बाजू शब्दातच मान्य करणं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात अशा मृत्यूंसाठी नियम घालून दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा. बघा, तिथेही पहिलं काम वर्दी लिहून घेण्याचं.

आता तुमच्या वाक्याबद्दल. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, सुनावणीला आणलेल्या एका गुंडाला कस्तुरबानगरच्या बायांच्या जमावानं तिथेच संपवलं. वर्षानुवर्षं तक्रारी घेऊन गेलो, पण ठाण्यात कुणी ऐकत नव्हतं, हे त्या बाया सांगत राहिल्या. त्यांच्या सांगण्यात शब्द ‘रिपोर्ट’च होता. ‘रिपोर्ट घेत नव्हते.’ नागपुरात या विषयावर लिहायचं तर म्हातारीच्या तोंडी तेच तीन शब्द येऊ द्या. वर्दीचा खेळ सुंदर आहे, पण तो तुमचा आहे, तिचा नाही.

पुण्याहून

हे वाचल्यावर माझा ‘बदलू नका’ मागे घेतो. फक्त एक सुचवतो. तुमचा हवालदार कुठला आहे? तो पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आला असेल, तर त्याच्या डायरीत वर्दी निरोपाच्याच अर्थानं येईल.

पाचपावलीतून

हे भारी सुचवलं. अन् इथला शिपाई त्याले विचारंल, ‘साहेब, वर्दी आली म्हणजे कोण आलं?’ तुमच्या मैत्रिणीसारखंच!

चर्चा सुरू करणारा

गेले दोन दिवस याच तीन पानांवर बसलोय. हवालदार आता साताऱ्याकडच्या कोरेगावचा आहे, नागपुरात येऊन चार महिने झालेत. पहिलं वाक्य त्याच्या डायरीत गेलं: ‘रात्री दोनला वर्दी आली.’ शेजारी बसलेला शिपाई दाराकडे बघतो. दारात कुणीच नसतं, नुसता फोन वाजलेला असतो. तेवढ्या एका नजरेत दोघं कुठले आहेत ते वाचकाला कळतं, मला समजावत बसावं लागत नाही.

म्हातारीचा प्रसंग पूर्ण बदलला. पहाटे ती बाकावरून उठते. हवालदार तिला विचारतो, ‘आजी, वर्दी कुणी घेतली तुमची?’ तिला प्रश्न समजत नाही. ती त्याच्या अंगावरच्या खाकीकडे बघते आणि म्हणते, ‘माही काय वर्दी राहते, बाप्पा. वर्दी तर तुमची आहे. माही रिपोर्ट होती, ते कोणी घेतली नाही.’

त्यानंतर हवालदार डायरी उघडतो आणि लिहायला लागतो. मर्ग की गुन्हा, हे तो अजून लिहीत नाहीये. लिपिकसाहेब, मुन्शीनं मर्ग दाखल केल्यावर त्याच घटनेत पुढे गुन्हा नोंदवला, तर इथल्या कागदात ते वाक्य नेमकं कसं असतं? ‘मर्गवरून गुन्हा दाखल’ की आणखी काही? तेवढं सांगितलंत तर तो पुढची ओळ लिहील.